तीन हात

पहिला हात पातळ मारायचा.
पत्र्याला कळूही नये, अंगावर कोणी आलंय.
दुसरा आडवा, तिसरा उभा.
दोन नळ्यांतून दोन रसायनं येतात,
टोकाशी भेटली की भांडतात
आणि पाच मोजेपर्यंत घट्ट.
मी निकानोर. तोर्रेओनला, जुन्या कापसाच्या गोदामात
सोळा वर्षं गाड्यांना कातडी चढवतो.

दारावरची पाटी मालकानं
माझ्या सुट्टीच्या दिवशी लावली:
"गोळीरोधक लेप. निर्धास्त फिरा."
तोवर आम्ही ट्रकांचे हौदे लिंपत होतो
खडीसाठी, विटांसाठी, बोकडांच्या खुरांसाठी.
ड्रम तोच. मास्क तोच, माझा खोकलाही तोच.
भाव चौपट.

रेफुहिओ आल्मारास आली ती खरबुजांची व्हॅन घेऊन.
रंग विचारला नाही, हप्ते विचारले नाहीत.
"थांबते का?" म्हणाली.
"बाई, विश्वास ठेवा," मालक म्हणाला.
"विश्वास घरी ठेवून आलेय. थांबते का?"

मग रविवारी नासासच्या पात्रात गेलो.
नदी वर धरणात अडकलेली, इथे नुसती वाळू
आणि कुणीतरी गोलपोस्ट म्हणून ठेवलेले दोन दगड.
भंगारातल्या त्सुरूचं एक दार, त्यावर माझे तीन हात,
मागे तिचीच सहा खरबुजं.
पिस्तूल मालकाच्या मेव्हण्याकडे होतं.
कुठून आलं, हे विचारायचं नसतं.

तीन आवाज.
गिधाडं उडाली नाहीत. त्यांना सवय आहे.

जवळ गेलो तर दार ठणठणीत दिसत होतं.
लेपानं गोळी आत घेतली
आणि तिच्यामागे तोंड मिटून घेतलं.
भोक कसलं, बेंबी.
तीन बेंब्या, करंगळीचं नख शिरेना.
मालकानं फोटो काढला. पुढून.

मागे वाळू गोड झाली होती.

रेफुहिओ खाली बसली,
पोराच्या केसांत उवा बघाव्या तशा
बिया बाजूला सारत
तिनं गोळी शोधून काढली, एप्रनला पुसली.
मग ते फुटकं खरबूज खाल्लं. फुकट का घालवा.

मालक ऐकत असताना मी सांगितलं:
बाई, पत्रा फाटला तर त्याच्या चिरफळ्या आत उडत नाहीत,
तेवढं खरं.
गंज धरत नाही, खडी टोचत नाही.
गोळी थांबवायची तर आत जाड पोलाद हवं,
आणि त्या वजनाला तुमच्या व्हॅनचे गुडघे टिकायचे नाहीत.
काचेला तर मी काहीच लावू शकत नाही.
काचेतून बघायचं असतं.

ती बराच वेळ सालं गोळा करत राहिली. मग:
"रस्त्याचा आवाज कमी होतो का?"

सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
होतो, म्हटलं. पत्र्याची थरथर मरते.
दार धाडकन् लागत नाही.

"पोरगा मागे झोपतो, पोत्यांवर," ती म्हणाली.
"पत्रा वाजला की उठतो आणि सीटखाली शिरतो.
आठ वर्षांचा झालाय. पाय बाहेर राहतात."

मालकानं भाव सांगितला.
हौद्याचा भाव, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे,
मग त्या सहा खरबुजांकडे,
आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

सोमवारी काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली.
मी ती उलटी लावतो, फोटो दिसू नयेत म्हणून,
पण उलट्या बाजूलाही फोटोच असतात.
पहिला हात पातळ. दुसरा आडवा.
तिसऱ्यानंतर एक आणखी, दाराच्या पोकळीत, आतून,
ज्याचे पैसे कुणी देत नाही.

संध्याकाळी कागद सोलले.
काच तशीच, नागडी.
पलीकडे तो पोरगा कधीच चढून बसलेला,
सरकतं दार लावत होता,
धप्प,
कान देऊन ऐकत होता,
पुन्हा उघडत होता.